पट्टी जड पाहिजे

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. दुसऱ्यानं घाम गाळून केलेला जॉब हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा आणि ‘वीस मायक्रॉन जास्त आहे’ म्हणून परत पाठवायचा, ह्याचा मला पगार मिळतो. बावीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच राहतो. भाकरी ताटात पडली की कडेची जाडी आणि मधली जाडी ह्यांतला फरक मला आधी दिसतो, भूक नंतर लागते. एकदा तसं बोलून दाखवलं होतं. त्या दिवसापासून रविवारच्या भाकऱ्या थापायचं आणि मोजायचं, अशी दोन्ही कामं माझ्याकडे आहेत. हे अगोदर सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात पियानोची काही चूक नाही.

आमची रेवा सहावीत गेली आणि मैत्रिणीबरोबर कॅम्पात पियानो शिकायला जायला लागली. शिकवणाऱ्या बाई मूळच्या गोव्याच्या. त्यांना सगळा कॅम्प नुसतं ‘मिस’ म्हणतो. त्यांच्या हॉलमध्ये एक जुना उभा पियानो आहे. वर येशूची तसबीर, क्रोशाचा रुमाल, आणि पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून पियानोच्या पोटात एक बल्ब जळत ठेवलेला. बेळगावचा पाऊस बघता तो बल्ब जून ते सप्टेंबर ड्यूटीवर असतो.

दोन महिन्यांनी मिसनी मला बोलावून घेतलं.

“घरी तिला वाजवायला काय आहे?”

“पेटी आहे की,” मी ताठ मानेनं सांगितलं.

“पेटी नको. तो छोटा कीबोर्डपण नको. पियानो पाहिजे. डिजिटल चालेल. अठ्ठ्याऐंशी कीज. आणि की जड पाहिजे.”

“किती जड?”

मिसनी चष्म्यावरनं माझ्याकडे बघितलं. “हात लावून बघा. कळेल.”

ड्रॉइंग नाही, टॉलरन्स नाही, ‘हात लावून बघा, कळेल’! आमच्याकडे असल्या ऑर्डरीवर मी सही केली नसती. पण समोर मिस होत्या, आणि त्यांच्यासमोर मीसुद्धा सहावीतला होतो.

घरी येऊन सांगितलं तेव्हा आप्पा ओसरीवर पेटीचा भाता पुसत बसले होते. आप्पा म्हणजे माझे वडील. अनगोळच्या भजनात चाळीस वर्षं पेटीवर त्यांचाच हात. पेटीचा अभिमान आमच्या एकट्या घराचा आहे असंही नाही. हे पेटीवादक पंडित रामभाऊ विजापुरे ह्यांचं गाव. कुमार गंधर्वांचा जन्मही १९२४ चा, इथल्याच सुळेभावीचा. त्यामुळं पेटी म्हणजे काय ते बेळगावकराला बाहेरच्यानं सांगू नये, असं आप्पांचं मत आहे. त्यांची पेटी जर्मन सुरांची. घरात नवं माणूस आलं की चहाच्या आधी हे त्याला कळतं.

“पट्टी जड पाहिजे?” आप्पांनी फडकं खाली ठेवलं. “अगा, पेटी घेताना पट्टी बोटाला जड लागली तर आपण दुकानदाराच्या तोंडावर परत देतो. आणि हे जड आहे म्हणून जास्त पैसे मागूलालेत?”

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की मी अभ्यासाला लागतो. पुढचे पाच आठवडे घरात सगळे झोपल्यावर मी मोबाइलवर पियानोची आतडी बघत होतो.

अभ्यासातनं पहिली गोष्ट कळली ती ही, की आप्पांचं बरोबर होतं, पण पेटीपुरतं. पेटीत आवाज लहानमोठा करतो तो डावा हात, भात्यावरचा. उजव्या हातानं पट्टी हळूच दाबा नाहीतर दात ओठ खाऊन आपटा, सूर तेवढाच निघणार. पियानोला भाता नाही. तिथं आवाजाचं सगळं राजकारण बोटाच्या टोकाला. पट्टी दाबली की पलीकडे लाकडी तरफ उचलली जाते, ती लोकरीचा नमदा लावलेली हातोडी तारेवर फेकते, आणि हातोडी लगेच मागं सरते, तार आपली वाजत राहते. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिरानं १७०० च्या सुमारास हे जमवलं. त्याच्या आधीच्या हार्पसिकॉर्ड नावाच्या वाद्यात तारा नखीनं छेडल्या जायच्या, त्यामुळं हळू-मोठ्यानं असा प्रकार बोटानं फारसा करता यायचा नाही. ह्याच्यात करता यायला लागला, म्हणून नाव पडलं ‘पियानो ए फोर्ते’, म्हणजे हळू आणि मोठ्यानं. पुढं लोकांनी ‘मोठ्यानं’ गाळलं आणि नुसतं ‘हळू’ ठेवलं.

म्हणजे मी चाळीस हजारांच्या पुढं मोजून ‘हळू’ नावाचं वाद्य घरी आणणार होतो. आमच्या घरात ‘मीठ दे’ हे वाक्यसुद्धा दुसऱ्या रेल्वे गेटापर्यंत ऐकू जातं.

आता डिजिटलमध्ये ना तार, ना नमदा. तरी हातोडी असतेच! लग्न मोडलंय, पण बँडवाला ठरल्याप्रमाणं हजर, अशातली गत. प्रत्येक पट्टीच्या मागं एक वजन बसवलेलं असतं, ते उचलल्याचा भार बोटाला लागावा एवढ्यासाठीच. खऱ्या पियानोत खर्जाच्या हातोड्या मोठ्या आणि तारसप्तकातल्या लहान, म्हणून ह्याच्यातही डावीकडच्या पट्ट्या जड आणि उजवीकडं जाल तशा हलक्या. ह्याला ग्रेडेड म्हणतात. आवाज येतो तो रेकॉर्ड केलेला, स्पीकरातनं. आणि पट्टीखाली रबराचे दोन-तीन संपर्क असतात. पहिला टेकल्यापासून दुसरा टेकेपर्यंत किती वेळ गेला तेवढं ते यंत्र मोजतं, आणि त्या वेळाचा एक आकडा करतं, १ ते १२७ मधला. माणसानं किती जोर लावला, किती जीव ओतला, ह्याची त्याला काही पडलेली नसते. बोट किती वेगानं गेलं तेवढंच विचारतं. प्रेम, विरह, भक्ती, सगळं १ ते १२७ मध्ये बसवलेलं बघून मला त्या वाद्याबद्दल एकदम आपलेपणा वाटायला लागला. हा तर आमच्या डिपार्टमेंटचा माणूस!

इथंच घात झाला. तोवर मी रेवासाठी पियानो शोधत होतो. त्या रात्रीपासून स्वतःसाठी ॲक्शन शोधायला लागलो.

‘ॲक्शन’ हा त्यांच्यातला शब्द. पट्टी, तरफ, वजन ह्यांची जी काय यंत्रणा आहे तिला ॲक्शन म्हणायचं. मॉडेलांची नावं आरटीओनं दिल्यासारखी: यामाहा पी-४५, मग २०२३ मध्ये आलेला पी-१४५, रोलंड एफपी-१०, कॅसिओ सीडीपी-एस११०, कावाई ईएस१२०. आणि प्रत्येकाच्या ॲक्शनचं वेगळं बारसं. पी-४५ ची ग्रेडेड हॅमर स्टँडर्ड, पी-१४५ ची ग्रेडेड हॅमर कॉम्पॅक्ट, कॅसिओची स्केल्ड हॅमर, कावाईची रिस्पॉन्सिव्ह हॅमर, रोलंडची पीएचए-४. ह्या शेवटच्याला एस्केपमेंट आहे. खऱ्या पियानोत हातोडी तारेला लागायच्या क्षणभर आधी मोकळी सुटते. पट्टी अगदी सावकाश दाबली तर त्या जागी बोटाला बारीकशी खाच लागते. डिजिटलमध्ये सुटायचं काहीच नाही, पण सुटल्याचा भास व्हावा म्हणून ती खाच मुद्दाम करून ठेवलेली. जावई गेला तरी त्याचा पाट मांडून ठेवावा, तसं.

कारखान्यात माझी बोटं आता स्वस्थ बसेनात. कॅल्क्युलेटरची बटणं, स्कूटरचा ब्रेक, लिफ्टचं बटण, जे दाबता येईल त्याची ॲक्शन मी बघायला लागलो. स्टोअरमधल्या जुन्या टाइपरायटरची ॲक्शन उत्तम आहे, असं मी साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझी शिल्लक रजा किती आहे ते विचारलं.

शेवटी एका रविवारी आम्ही सगळे बाहेर पडलो. आप्पाही आले. वाद्य घ्यायचं आणि आपण घरी बसायचं, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

खडेबाजाराच्या बाजूला एका दुकानात काचेत चार-पाच कीबोर्ड उभे केले होते. विकणारा पोरगा गोकाककडचा, तरतरीत. मी विचारलं, “वेटेड आहे का?”

“भाळ छलो ऐत्री सर, फुल वेट!” म्हणून त्यानं अख्खा कीबोर्ड उचलून माझ्या हातात दिला. “बघा, किती वजन.”

खरंच वजन होतं. मी ते हातात घेऊन उभा आणि तो अभिमानानं माझ्याकडे बघतोय. पट्ट्या दाबून बघितल्या तर खाली स्प्रिंग. बोट काढलं की टुण्णकन वर. एकसष्ट पट्ट्या, आत तबला, तानपुरा आणि शेकड्यांनी आवाज. वाईट वस्तू अजिबात नव्हती. वरातीला, ऑर्केस्ट्राला, चाली बांधायला हेच सोयीचं. आप्पांनी तर तबला सुरू करून तिथल्या तिथं एक गजर उरकला. उजव्या हातानं सुरेख वाजवत होते, पण डावा हात सारखा कीबोर्डच्या मागं जाऊन काहीतरी चाचपत होता. पोरग्याला वाटलं स्विच शोधतायत.

“अगा, ह्याला भाता कुठाय?”

“भाता नाही आप्पा ह्याला. वीज असते.”

“मग डाव्या हातानं काय करायचं?”

रेवानं सांगितलं, “आज्जा, डाव्या हातानं पण वाजवायचं.” आप्पांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ह्या विषयावर त्या दिवशी पुन्हा बोलले नाहीत.

खरा हॅमर ॲक्शनवाला पियानो टिळकवाडीत एका दुकानाच्या माडीवर होता. एकच. प्लास्टिकचं कव्हर, वर हळदीकुंकवाचं बोट. मालक सज्जन होते, म्हणाले, “बघा निवांत.” असं मला कुणी म्हणू नये. मी खिशातनं नाण्यांची पुरचुंडी काढली.

ह्या नाण्यांबद्दल थोडं सांगायला हवं. पट्टीचा जडपणा मोजायची साधी पद्धत अशी: पट्टीच्या पुढच्या कडेवर एकेक वजन ठेवत जायचं, ज्या वजनाला पट्टी आपसूक खाली जाते तो तिचा भार. खऱ्या पियानोत मधल्या पट्ट्यांना हा साधारण ५० ग्रॅमच्या आसपास असतो. दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं भरतं ७.७१ ग्रॅम. म्हणजे सात नाणी ५३.९७. ह्याच्याहून स्वस्त आणि अचूक वजनं मला कुठं मिळणार? शिवाय ती माझ्याकडे साठलेली होती. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच जाहीर केलंय की दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार चालतात. पण आमच्या भाजीवाल्या मावशींनी रिझर्व्ह बँकेला अजून मान्यता दिलेली नाही. ‘नोट द्या की हो, हे घेऊन मी काय करू?’ म्हणून नाणी परत, अशी करत करत डबा भरला होता. आज ती चलनात येणार होती.

मधल्या सा वर मी एक नाणं ठेवलं. दोन. तीन. मालक चहा सांगायला गेले. पाच. सहा. नाण्यांचा मनोरा झुकला म्हणून रेवाला बाजूनं फूटपट्टी धरायला लावली. सात. पट्टी हलली नाही. आठवं ठेवलं, तशी ती गंभीरपणे, मान्यवरांनी दीपप्रज्वलनाला वाकावं तशी खाली गेली. मी वहीत लिहिलं: मध्य, आठ. मग डावीकडं गेलो. तिथं दहा लागली. उजव्या टोकाला सात. ग्रेडेड! इतका आनंद मला स्वतःचा निकाल बघूनही झाला नव्हता. पट्टी किती खोल जाते ते बघायला व्हर्नियरचा दांडा लावला, दहा मिलिमीटर, पुस्तकात असतं तेवढंच. मग तिसऱ्या सप्तकात नाणी रचताना मनोरा कोसळला आणि दोन नाणी पट्ट्यांच्या फटीतनं आत जातात की काय अशी वेळ आली. एक मी दातओठ खाऊन नखानं अडवलं. दुसरं घरंगळत जिन्यानं खाली गेलं. खालच्या गिऱ्हाइकानं ते वर आणून दिलं आणि तोही बघत उभा राहिला. पाच मिनिटांत माडीवर नऊ माणसं. एकानं पियानोला नमस्कार करून स्वतःचं एक नाणं ठेवलं.

मालक चहा घेऊन आले. त्यांनी पट्ट्यांवरचे मनोरे बघितले, वही बघितली, गर्दी बघितली.

“साहेब,” ते अत्यंत शांतपणे म्हणाले, “पियानो घेणार, का इथंच भिशी सुरू करणार?”

आमच्या सौभाग्यवती एका पतसंस्थेत नोकरीला आहेत. त्या आतापर्यंत गप्प होत्या. चहाचा कप ठेवून म्हणाल्या, “अहो, एवढ्या वेळात आम्ही घरकर्ज मंजूर करतो.”

पण एकच पियानो बघून घ्यायचा कसा? तुलना नको? आमच्याकडे तीन कोटेशनशिवाय झाडूसुद्धा येत नाही. दुसरी मॉडेलं बघायची तर शहराबाहेर जाणं आलं. मी पुण्याला एका दुकानात फोन लावला.

“बेळगाव? म्हणजे कर्नाटक ना? ते आमच्या एरियात येत नाही. बेंगळुरूला विचारा.”

बेंगळुरूला लावला. तिकडचा माणूस गोड बोलला. “बेळगावी? सर, निमगे पुणे हत्तिर आगुत्ते.” तुम्हाला पुणं जवळ पडेल! हे मात्र खरं, पुणं ३४० किलोमीटर आणि बेंगळुरू ५००. पण जवळचा घेत नाही आणि लांबचा जवळच्याकडे पाठवतो, ही आमची जुनीच कहाणी आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. तो निकाली निघेपर्यंत बेळगावच्या माणसानं पियानो कुणाच्या एरियातनं घ्यावा, एवढ्यापुरता तरी अंतरिम आदेश मिळावा अशी माझी नम्र प्रार्थना आहे. केंद्रशासित पियानो असला तरी चालेल.

उरला गोवा. आमच्याकडनं गोव्याला माणसं जातात ती वेगळ्या कारणानं. त्यामुळं ‘पियानो बघायला चाललोय’ असं सांगितल्यावर कारखान्यात कुणाचाच विश्वास बसला नाही. एकानं तर डोळा मारून सांगितलं, “माझ्यासाठी पण एक पियानो बघा की, ७५० मिलीचा.”

चोर्ल्याच्या घाटात धुकं एवढं, की पुढची गाडी दिसण्याऐवजी ऐकूच यायची. आप्पा घरी राहिले. डाव्या हाताला काम नसलेल्या वाद्यासाठी घाट उतरायची त्यांची तयारी नव्हती. पणजीच्या दुकानात मात्र स्वर्ग होता. तीन पियानो शेजारी शेजारी, तिन्ही चालू, आणि दुकानदार दुपारच्या जेवणानंतरच्या त्या प्रसिद्ध गोमंतकीय अवस्थेत. म्हणजे मला अडवायला कुणी नाही.

नाणी घरी ठेवायला लावली होती, म्हणून बाकीच्या परीक्षा घेतल्या. डोळे मिटून तिन्हींवर हात फिरवला, म्हणजे नावाचा मोह नको. आवाज शून्यावर आणून नुसत्या पट्ट्या वाजवल्या. त्यात कुठली खडखडते आणि कुठली नुसती मऊ आपटते ते कळतं. एकच पट्टी भराभर टकटकवली. काही पियानोंत पट्टी पुरती वर आल्याशिवाय दुसरा सूर देत नाही, तीन संपर्क असले तर अर्ध्यातनंही देते. मग बोट आत, काळ्या पट्ट्यांच्या मधल्या अरुंद जागेत नेऊन दाबलं. ही परीक्षा सगळ्यांत कडक. आतली तरफ आखूड असली की तिथं पट्टी दगडासारखी लागते. दार कडीपाशी ढकलावं आणि बिजागरीपाशी ढकलावं, एवढा फरक. एक पियानो बाहेरनं लोणी आणि आतनं खानापूरची वीट निघाला. मी वहीत तीन रकाने पाडले, शंभरपैकी गुण दिले, बेरीज केली. तिघांनाही एकाहत्तर.

बेरीज पुन्हा केली. एकाहत्तर.

मी खुर्चीवर बसलो. पाच आठवड्यांचा अभ्यास, दोन दुकानं, एक घाट, आणि निकाल बरोबरीत. तोपर्यंत रेवा, जिला ह्या सगळ्यात कुणी एकदाही वाजवू दिलं नव्हतं, ती मधल्या पियानोपाशी जाऊन बसली होती. तिनं एक पट्टी दाबली. एवढ्या हळू, की आधी मला वाटलं बाहेर काहीतरी वाजलं. मग तीच पट्टी परत, त्याहून हळू. मग डावीकडच्या पियानोवर तसंच. तिथं पहिल्यांदा आवाज आलाच नाही आणि दुसऱ्यांदा एकदम मोठा आला. उजवीकडंही जरा तसंच. ती मधल्यावर परत आली.

“बाबा, हा.”

“का? कारण सांग.”

“ह्याच्यात हळू वाजवता येतं.”

माझ्या वहीत हा रकानाच नव्हता.

कुठला घेतला ते सांगत नाही. सांगितलं की ज्यांच्याकडे उरलेल्या दोनपैकी एक आहे ते मला समजवायला घरी येतील, आणि मी त्यांच्याशी बोलत बसेन, आणि मग घरात काय होईल ते मला ठाऊक आहे. दहा-बारा किलोचं वाद्य, पण खोक्यासकट जिन्यात अडकलं तेव्हा कॅम्पातनं मिसचा उभा पियानो आणल्यासारखी आरडाओरड झाली. बसवलं आप्पांच्या पेटीच्या शेजारी. आप्पांनी लांबनं बघितलं. “दिसायला बरं आहे की,” एवढंच.

सगळ्यांत मोठी सोय म्हणजे हेडफोन. रात्री नऊनंतर रेवा हेडफोन लावून सरावाला बसायची. घरात शांतता. वाद्याचं नाव सार्थ झालं, असं मी मनाशी म्हणायला आणि दाराची कडी वाजायला एकच गाठ पडली. खालच्या मजल्यावरच्या काकू, बैलहोंगलच्या, केस बांधत उभ्या.

“रात्र्याग एन कुट्टाक हत्तीरी?”

रात्रीचं काय कुटताय? मला काही कळेना. काकू घरात आल्या आणि सरळ रेवाकडे बोट दाखवलं. मग मलाही ऐकू आलं. सूर सगळे हेडफोनात, आणि बाहेर नुसत्या वजनदार पट्ट्या: ठक, ठक, ठक-ठक, ठक. स्टँडमधनं फरशीत, फरशीतनं काकूंच्या छतात. चार रात्री काकू समजत होत्या की आम्ही चटणी कुटतोय, आणि एवढी चटणी करून एक वाटी खाली आली नाही ह्याचा त्यांना राग होता.

मी माझ्या मोडक्या कन्नडात हॅमर ॲक्शन समजवायला लागलो. वजन, तरफ, ग्रेडेड. काकूंनी हात करून मला थांबवलं, रेवाच्या डोक्यावरचे हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावले आणि ‘बारसव्वा’ म्हणाल्या. रेवानं वाजवलं. काकू मान डोलावत उभ्या राहिल्या. मग हेडफोनची पिन त्यांनी स्वतःच उपटली.

“कुट्टूदु ब्याड. सौंड हच्चि बारसव्वा.”

कुटणं नको, आवाज लावून वाजव. रेवा वाजवायला लागली. काकू खुर्चीत बसल्या. आप्पा दारात येऊन उभे राहिले. आमच्याकडनं बिस्किटांचा डबा आला. आणि पहिलंच पान संपत आलं होतं तेवढ्यात लाइट गेली.

आवाज तुटला, पण रेवाची बोटं थांबली नाहीत. ओळ पुरी करायची असते, मिसचा नियम. अंधारात ठक, ठक, ठक-ठक, ठक. ज्या ॲक्शनसाठी मी घाट उतरलो ती आता एकटीच ऐकू येत होती. खडखड अजिबात नाही, मऊ आणि एकसारखी. ह्याला शंभरपैकी किती द्यावेत ह्याचा मी विचार करत होतो तेवढ्यात कोपऱ्यात पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

“कुठल्या पट्टीत होतीस गं?” आप्पांनी अंधारातनं विचारलं.

रेवानं एक पट्टी दाबली. ठक.

“पांढरी एक,” आप्पा म्हणाले, आणि त्यांनी भाता ओढला.